पदकामागचे तास : शौर्याचं सन्मानपत्र कसं वाचावं?



२६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि आपल्या सिल्वासाचा २ ऑगस्टचा मुक्तिदिन. वर्षातून निदान तीनदा आपण सैनिकांवर भाषणं ऐकतो, आणि मंडळातल्या अनेकांना ती लिहावीही लागतात. ती भाषणं आठवून पाहा. ‘प्राणांची बाजी’, ‘रक्ताचा सडा’, ‘सिंहाची छाती’, ‘मायभूमीचे सुपुत्र’. नावं बदलली तरी वाक्यं तीच राहतात. सोमनाथ शर्मांवरचं भाषण अब्दुल हमीदांना चालतं, आणि हमीदांवरचं आणखी कुणाला. श्रद्धा खरी असते, पण त्या माणसाने नेमकं काय केलं ते भाषण संपेपर्यंत कळत नाही.

या अंकाच्या अभ्यासलेखासाठी म्हणून मी शौर्यपदकांची सन्मानपत्रं निवडली आहेत. लष्करात त्यांना साइटेशन म्हणतात. पदक कोणत्या कृतीबद्दल दिलं हे सांगणारा तो अधिकृत मजकूर असतो. साधारण पान-दीड पानाचा. साहित्याच्या विद्यार्थ्याने तो का वाचायचा? कारण तो गद्य आहे, फार काटकसरीने लिहिलेलं गद्य आहे, आणि भाषणात जे हरवतं ते बहुतेक सगळं त्यात सापडतं. आपण तीन मराठी मुलखातल्या सैनिकांची सन्मानपत्रं पाहू. पहिलं जरा सविस्तर.

१. रामा राघोबा राणे : चार दिवसांचं वेळापत्रक

कारवार तालुक्यातलं चेंडिया हे राण्यांचं गाव. जन्म २६ जून १९१८. वडील पोलिसात होते. १९४० साली रामा राणे बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले. या दलाला आपण आज बॉम्बे सॅपर्स म्हणून ओळखतो, आणि त्याचं केंद्र पुण्याजवळ खडकीला आहे. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. डिसेंबर १९४७ मध्ये ते सेकंड लेफ्टनंट झाले आणि पुढच्या चार महिन्यांत जम्मूच्या डोंगरात पोचले.

तिथली परिस्थिती अशी होती. नोव्हेंबर १९४७ पासून राजौरी आक्रमकांच्या ताब्यात होती. तिथल्या लोकांवर भयंकर अत्याचार चालले होते. नौशेरा आपल्या फौजेकडे होतं. नौशेऱ्याहून राजौरीला लवकरात लवकर पोचायचं, तर रणगाडे हवेत. रणगाड्यांना रस्ता हवा. आणि रस्त्यात शत्रूने सुरुंग पेरले होते, मोऱ्या उडवल्या होते, पाइनची मोठी झाडं आडवी टाकली होती. प्रत्येक अडथळ्यावर मशीनगन रोखलेली. हा रस्ता मोकळा करणाऱ्या तुकडीचे प्रमुख होते राणे.

आता सन्मानपत्रात काय आहे ते माझ्या शब्दांत सांगतो. घड्याळाकडे लक्ष ठेवून वाचा.

८ एप्रिल १९४८, सकाळी ११. नदपूरजवळ राणे आणि त्यांची माणसं रणगाड्यांपाशी कामाच्या तयारीत थांबली होती. शत्रूने उखळी तोफांचा मारा सुरू केला. तुकडीतले दोघे ठार, पाच जखमी. त्या पाचांत राणे स्वतः होते. त्यांनी उरलेल्यांची लगेच पुन्हा जुळवाजुळव केली आणि काम सुरू केलं. दुपारी साडेचारच्या सुमारास बरवाली टेकडी आपल्या हाती आली. परिसरातून शत्रू पुरता हटलेला नाही हे माहीत असूनही राणे पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ता काढायला लागले. रात्री १० पर्यंत, शत्रूच्या नजरेसमोर.

९ एप्रिल. सकाळी ६ ला पुन्हा सुरुवात. दुपारी ३ वाजता वळणरस्ता तयार. रणगाडे हलले तसे राणे सर्वांत पुढच्या गाडीत बसले. अर्ध्या मैलावर झाडांचा अडसर. उतरले, झाडं स्फोटाने उडवली, पुढे निघाले. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. मग उडवलेली मोरी. तिथे मशीनगनचा मारा सुरू असतानाच बाजूने वाट काढली. सव्वासहाला उजेड कमी झाला आणि समोर पाच मोठी झाडं, त्यांच्याभोवती सुरुंग. राणे सुरुंग काढायला लागलेच होते, पण तुकडीच्या कमांडरने त्या रात्रीपुरतं थांबायचं ठरवलं.

१० एप्रिल. पहाटे पावणेपाचला काम सुरू, साडेसहाला तो अडसर दूर. पुढचे हजार यार्ड अडथळ्यांनी भरलेले, रस्त्याचे भराव उडवलेले. साडेदहापर्यंत तेही मोकळे. आता रणगाडे रस्ता सोडून तावी नदीच्या पात्रातून पुढे जाऊ शकत होते आणि गेलेही. दुपारी २ ला ते चिंगसला पोचले. पण मागून रसदीच्या गाड्या यायच्या होत्या, त्यांना रस्ताच लागणार. म्हणून राणे मागे रस्त्यावरच राहिले. अन्न नाही, विश्रांती नाही, रात्री ९ पर्यंत काम.

११ एप्रिल. सकाळी ६ ला सुरुवात, ११ वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला. त्यानंतर पुढच्या रस्त्यावर रात्री १० पर्यंत.

१२ एप्रिलला आपली फौज राजौरीत पोचली.

२. आता वाचू या कसं लिहिलंय ते

पहिली गोष्ट, बेरीज करा. पहिल्या दिवशी ११ तास, दुसऱ्या दिवशी सव्वाबारा, तिसऱ्या दिवशी सव्वासोळा, चौथ्या दिवशी १६. सगळे मिळून साडेपंचावन्न तास होतात. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी कुणी ना कुणी इथल्या कारखान्यात पाळीवर जातं. आठ तासांची एक पाळी माणसाला किती थकवते हे आपण घरी पाहतो. चार दिवसांत सात पाळ्या, तेही पहिल्याच सकाळी जखम झाल्यावर. ‘अतुलनीय धैर्य’ या शब्दांनी जे कळत नाही ते या बेरजेने कळतं.

दुसरी गोष्ट, क्रियापदं पाहा. उतरले, काढले, उडवले, साफ केले, पुढे गेले, पुन्हा सुरू केलं. या संपूर्ण सन्मानपत्रात राण्यांनी एकाही माणसाला मारल्याचा उल्लेख नाही. देशाचं सर्वोच्च युद्धकालीन पदक रस्ता करण्यासाठी मिळालेलं आहे. युद्धकथा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तलवार किंवा बंदूक येते. इथे पहार, दोर, स्फोटकं आणि जमिनीवर पालथं पडून सुरुंग चाचपणारे हात आहेत.

तिसरी गोष्ट, १० एप्रिलची दुपार. माझ्या मते सन्मानपत्राचा गाभा तिथे आहे. रणगाडे पुढे निघून गेले होते. ज्याला नाव हवं असेल तो रणगाड्यांबरोबर चिंगसला गेला असता. राणे मागे राहिले, कारण रसद आली नाही तर पुढे गेलेल्यांचा काही उपयोग नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्या दहा-साडेदहा तासांत पाहणारं कुणी फारसं नव्हतं. मूक शौर्य म्हणतात ते हेच असावं : काम जिथे आहे तिथे थांबणं.

चौथी गोष्ट थोडी अवघड आहे. सन्मानपत्रात विशेषणंही आहेत. अतिमानवी प्रयत्न, थंड डोक्याचं धैर्य, वगैरे. ती काढून टाकून वाचून पाहा. मजकूर दुबळा होतो का? मला तरी तो जास्त ठसठशीत वाटला. वेळा आणि कृती बोलत असताना विशेषणाची गरज उरत नाही.

आणि पाचवी. पहिल्या सकाळी जे दोघे ठार झाले त्यांची नावं त्या सन्मानपत्रात नाहीत. ‘दोन माणसं’ इतकाच उल्लेख आहे. सन्मानपत्र एका व्यक्तीसाठी असतं, तेव्हा हा त्या कागदाचा दोष म्हणता येणार नाही. पण वाचणाऱ्याने ते दोघे वगळू नयेत. पदक एका छातीवर लागतं, ते काम मात्र तुकडीचं असतं. राण्यांनी ‘जुळवाजुळव केली’ असं आपण वाचतो, तेव्हा डोळ्यांसमोर दोन साथीदार मेलेले पाहूनही पुन्हा सुरुंगाकडे गेलेली ती बाकीची माणसंही उभी राहिली पाहिजेत.

१९४७-४८ च्या त्या युद्धात पाच परमवीरचक्रं दिली गेली. त्यांतली तीन मरणोत्तर. लान्स नाईक करमसिंग आणि राणे हे दोघे हयात होते. राणे पुढे मेजर होऊन १९६८ मध्ये निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर, ‘चपळ’ या युद्धनौकेच्या संग्रहालयापाशी, त्यांचा पुतळा आहे. भारतीय नौवहन महामंडळाच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव होतं, आणि २३ जानेवारी २०२३ ला अंदमानातल्या २१ बेटांना परमवीरचक्र विजेत्यांची नावं दिली गेली त्यांतही ते आहेत.

३. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव

राण्यांच्या साडेपंचावन्न तासांशेजारी आता दोन अगदी वेगळी सन्मानपत्रं ठेवू. दोन्ही दुसऱ्या महायुद्धातली, दोन्ही इटलीतली, दोन्ही व्हिक्टोरिया क्रॉसची, दोन्ही मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांची.

नाईक यशवंत घाडगे रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. घाडगे सोडून सगळे ठार किंवा जखमी. ते एकटे मशीनगनवर धावले. हातबाँबने गन आणि गनर दोन्ही निकामी केले, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते पडले. वय २२. हे सगळं काही मिनिटांचं. सन्मानपत्रही तेवढंच छोटं. त्यांचा पुतळा माणगावला आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ एक छायायंत्र, म्हणजे सूर्याच्या सावलीचं घड्याळ, उभारलं. त्यावरच्या लॅटिन ओळीचा आशय असा की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो.

शिपाई नामदेव जाधव तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे. ते कंपनीचे रनर होते. रनर म्हणजे निरोप्या : गोळीबारात एका ठिकाणचा निरोप दुसऱ्या ठिकाणी धावत पोचवणारा. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदी ओलांडताना त्यांच्या सोबतची माणसं बांधावरच्या माऱ्यात सापडली. जाधव सोडून बहुतेक सारे ठार, काही जखमी. सन्मानपत्रातला क्रम पाहा. आधी त्यांनी एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून, खड्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. मग परत जाऊन दुसऱ्याला आणलं. त्यानंतर तिसऱ्यांदा बांध ओलांडला आणि मशीनगनच्या ठाण्यांवर चालून गेले. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबाँब घेतले. एकूण तीन ठाणी गप्प केली, आणि मग बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना देत बाकीच्या कंपन्यांना नदीपार बोलावलं.

व्याख्यानात आपण सांगतो ती शेवटची गर्जना. सन्मानपत्र मात्र दोन जखमींपासून सुरू होतं. आधी दोन फेऱ्या माणसं वाचवण्याच्या, तिसरी लढण्याची. गोष्ट सांगताना हा क्रम आपण उलटवला तर माणूस बदलतो.

४. “पण ते लढले कुणासाठी?”

वर्गात हा प्रश्न येतोच आणि यायलाच हवा. घाडगे आणि जाधव ज्या फौजेत होते ती इंग्रजांची होती. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश राजमुकुटाचं पदक. ते १८५६ मध्ये सुरू झालं आणि भारतीय सैनिकांना मिळण्याची सोय १९११ पर्यंत नव्हती. म्हणजे पंचावन्न वर्षं भारतीय शिपाई लढत आणि मरत होते, पण त्या पदकाला पात्र धरले जात नव्हते. १९४४ मध्ये घाडगे पडले तेव्हा देशातले अनेक नेते तुरुंगात होते. हे झाकून कौतुक करण्यात अर्थ नाही.

मग कौतुक कशाचं? मला असं वाटतं, की युद्ध कुणाचं हा प्रश्न सत्तेला विचारायचा असतो. नदीत उतरून जखमी सोबत्याला खांद्यावर घेणारा माणूस त्या क्षणी साम्राज्यासाठी ते करत नाही, त्या सोबत्यासाठी करतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानता आल्या पाहिजेत : राज्य परक्याचं होतं, आणि धैर्य जाधवांचं होतं. एक खरं मानण्यासाठी दुसरं पुसावं लागत नाही. तुमचं मत वेगळं असेल तर पुढच्या बैठकीत जरूर मांडा, आपण वाद घालू.

या प्रश्नाला आपल्या भागातला एक धागाही आहे. नामदेव जाधव ज्या पलटणीत होते ती पहिली मराठा, जंगी पलटण. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगिजांकडून दमण सोडवायला जी पलटण आली ती हीच. १८ डिसेंबरच्या पहाटे हल्ला झाला, १९ ला पोर्तुगीज शरण आले. इथून तासाभरावर असलेल्या, आपण रविवारी समुद्र बघायला जातो त्या दमणमध्ये. सेनिओच्या काठावर परक्या झेंड्याखाली लढलेली पलटण सोळा वर्षांनी परकी सत्ता हटवायला दमणला आली. त्या लढाईतही आपले जवान कामी आले.

आणि सिल्वासा? १९५४ च्या २ ऑगस्टला ते मुक्त झालं तेव्हा आलेले लोक सैनिक नव्हतेच. स्वयंसेवक होते, वेगवेगळ्या संघटनांचे. त्यांत संगीतकार सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. रणभूमीवरच्या शौर्याची पदकं अशा कामासाठी नसतात. पदक नाही म्हणजे शौर्य नाही असं मोजायला लागलो, तर आपलं स्वतःचं गावच हिशोबातून सुटेल.

५. पदकावर कोरलेली गोष्ट

परमवीरचक्र दिसायला अगदी साधं आहे. कांस्य धातूची चकती, मध्ये राजमुद्रा, भोवती इंद्राच्या वज्राच्या चार आकृत्या, जांभळी फीत. ही रचना सावित्रीबाई खानोलकर यांची. त्या जन्माने युरोपातल्या, लष्करी अधिकारी विक्रम खानोलकरांशी लग्न करून मराठी घरात आल्या, आणि इथल्या भाषा, पुराणं, कला यांचा त्यांनी मनापासून अभ्यास केला.

वज्र का निवडलं हे पुराण माहीत असलेल्याला सांगायला नको. वृत्रासुराला मारायला जे शस्त्र हवं होतं ते दधीची ऋषींच्या अस्थींचं बनणार होतं, आणि दधीचींनी देह ठेवून अस्थी दिल्या. म्हणजे पदकावरचं शस्त्र आहे, पण त्याची गोष्ट देण्याची आहे. दधीचींनी एकही वार केला नाही. राण्यांच्या सन्मानपत्राशेजारी हे ठेवून पाहा, रचना किती विचाराने केलेली आहे ते कळेल.

६. मंडळासाठी अभ्यास

लेख वाचून मिटवून ठेवू नका. पुढच्या बैठकीपूर्वी यातलं निदान एक करा.

एक : कोणत्याही एका परमवीरचक्र विजेत्याचं सन्मानपत्र मिळवा आणि त्याचं मराठीत १५० शब्दांत पुनर्लेखन करा. अट अशी की एकही विशेषण वापरायचं नाही. ‘शूर’ नाही, ‘अमर’ नाही, ‘महान’ तर नाहीच. वेळ, जागा आणि कृती एवढंच.

दोन : जाधवांचा प्रसंग दोनदा लिहा. एकदा युद्धगर्जनेपासून सुरू करून, एकदा पहिल्या जखमीपासून. दोन्ही मोठ्याने वाचा आणि ऐकणाऱ्यांना विचारा, कुठला जाधव त्यांना जास्त जवळचा वाटला.

तीन : आपल्या ओळखीत, सोसायटीत, गावी कुणी माजी सैनिक असतील. काका, आजोबा, शेजारी, कारखान्याच्या गेटवर सुरक्षारक्षक म्हणून उभे असलेले कुणी. त्यांना भेटा. “तुम्ही किती शत्रू मारले?” हा प्रश्न विचारू नका. तो ऐकला की बहुतेक जण गप्प होतात किंवा थट्टेवारी नेतात, आणि गप्प होण्याचा त्यांना अधिकार आहे. त्याऐवजी विचारा, “तिथे तुमचा दिवस किती वाजता सुरू व्हायचा? तुमचं काम काय होतं? सोबत कोण कोण होतं?” सोबत्यांची नावं सांगितली तर नीट लिहून घ्या. छापायचं की नाही ते त्यांनाच विचारून ठरवायचं.

चार : २ ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी भाषण लिहिणाऱ्यांनी एक कसोटी लावावी. भाषणातलं नाव खोडून दुसऱ्या सैनिकाचं नाव घाला. तरीही भाषण जसंच्या तसं चालत असेल, तर ते अजून कुणाबद्दलच लिहिलेलं नाही असं समजा आणि पुन्हा लिहायला बसा.

राण्यांचं सन्मानपत्र वाचायला पाच मिनिटं लागतात. त्यांच्या साडेपंचावन्न तासांसाठी आपल्याकडून तेवढी पाच मिनिटं आणि एक काळजीपूर्वक लिहिलेलं पान, एवढं तरी व्हायला हवं. लिहून झालेली पानं बैठकीच्या आठवडाभर आधी संपादक मंडळाकडे द्या. निवडक लेखन पुढच्या अंकात घेऊ.